मंजुळामावशींची सावड

२१ मे, बुधवार. टेबलावर छापील याद्यांचा गठ्ठा, हातात लाकडी पट्टी आणि लाल पेन. यंदा आरोग्य योजनेची कार्डं नव्यानं छापायची आहेत, म्हणून वरच्या ऑफिसनं योजना सुरू झाल्यापासूनची सगळी नावं गावांप्रमाणे पाठवली आहेत. सभासद कोण, घरात माणसं कोण, कुणी कधी कुठल्या दुखण्यासाठी कार्ड वापरलं. आमच्या शेतकरी सोसायटीच्या रजिस्टरशी एकेक ओळ ताडायची, चुकलेलं नाव सुधारायचं, वारलेल्या माणसावर रेघ मारायची आणि महिनाअखेर गठ्ठा परत पाठवायचा.

मावशी, तुमच्यावर रेघ मारायची आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस दिवस झाले. तुमच्या गावची पानं मी दोनदा खाली ढकलली. आज मध्ये घालायला दुसरं गाव उरलं नाही.

पायाशी तुमची पिशवी आहे. तुमची सून संगीता तेराव्यानंतर ठेवून गेली. ‘‘मॅडम, आईची ही तुमच्या ऑफिसची कागदं,’’ एवढंच म्हणाली. मी ती अजून उघडलेली नाही. आत काय असणार ते ठाऊक आहे. कोरे फॉर्म, कुणाकुणाचे फोटो, तंबाखूची डबी आणि दोन इंची खिळे. दहाव्याला मी आले होते, पण कुणाशी बोलले नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं एकच होतं आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. तुमच्या मरणात माझ्या दोन वाक्यांचा हात आहे, असं मला वाटत होतं. एक दहा वर्षांपूर्वीचं, एक अडीच वर्षांपूर्वीचं.

पहिलं आधी. योजना आली त्या वर्षी मी तुमच्या गावच्या देवळात सभा घ्यायला आले होते, आठवतं? सोसायटीनं भातखरेदीच्या वेळी प्रत्येकाची वर्गणी परस्पर कापून घेतली होती आणि कार्डं वाटून टाकली होती. ती कशाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकानं ते रॉकेलच्या रांगेत दाखवलं होतं. मी भिंतीला तक्ता लावून विमा, लाभार्थी, नूतनीकरण असं बोलत सुटले. पुरुष मंडळी खांबाला टेकून डुलक्या घेत होती. तुम्ही मागे बसून वालाच्या शेंगा सोलत होतात. मान वर न करता विचारलंत, ‘‘ए मॅडम, जो आजारी नाय पडला त्याचं काय? त्याचं गेलं पान्यात?’’

हा प्रश्न मला प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता. पण माझं आजोळ पेणकडचं. लावणीच्या दिवसांत तिथं सावड असायची, तुमच्याकडेही होती. मजूर मिळत नाहीत म्हणून दहा-वीस घरं मिळून आज एकाच्या शेतात लावणी लावतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. आज ज्याचं शेत लागलं, त्यानं उद्या दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं.

‘‘ही आजारपणाची सावड आहे,’’ मी म्हणाले. ‘‘यंदा ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या मदतीला सगळी घरं.’’

तुम्ही शेंगा बाजूला सारल्यात. ‘‘आसं आदी बोलाचं ना गो! मघापासून नुसतं इमा इमा करतेस!’’ आणि खांबाला टेकलेल्यांना उठवलंत, ‘‘ए, उठा रे. सावडीचं हाय.’’

त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं, मला कसं ऐन वेळी सुचलं ते. फार खूश होते मी स्वतःवर.

त्याच वर्षी भातकापणीनंतर तुमचा मोठा मुलगा पेंढा रचताना उडवीवरून पडला आणि हाताचं हाड मोडलं. घरात कार्ड शोधायला सुरुवात झाली. भाताच्या कणगीत, देवाच्या फोटोमागे, ट्रंकेतल्या साड्यांच्या घड्यांत. इतकं जपून ठेवलेलं, की सापडेना. दोन तास तो हात धरून ओट्यावर बसला होता. शेवटी ते पिठाच्या डब्याखाली निघालं. हात बरा झाला, पण ते दोन तास तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही वरवंटा आणि खिळे घेऊन घराघरांत शिरलात. आत शिरलं की उजव्या हाताला, जिथं विळा आणि टोपली अडकवतात तिथं, कार्डाचा खिळा. सोसायटीनं असं काही सांगितलं नव्हतं. जमिनी विकून ज्यांनी बंगले बांधले होते त्यांच्या गुळगुळीत भिंतींनाही तुम्ही सोडलं नाहीत. मला तक्रार आली, ‘‘तुमच्या योजनेनं आमचा रंग उडवला.’’ मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, ‘‘बंगल्यात मानसं आजारी नाय पडत काय?’’

मी वरिष्ठांना कळवताना लिहिलं, ‘जनजागृती समाधानकारक.’ खिळ्यांचं लिहिलं नाही. कसं लिहायचं ते कळलं नाही.

मग तुमचं गर्भाशय काढावं लागलं. तेव्हा दवाखान्यात दाखल व्हायला सोसायटीचं पत्र लागायचं, ते मीच टाइप केलं. तुम्ही घरी आलात ते हातातल्या पाटल्या गावाला दाखवत. ऑपरेशन झालं आणि पाटल्या जागच्या जागी, हे तुमच्या गावात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. माझ्या शंभर सभांनी झालं नसतं ते त्या पाटल्यांनी झालं.

त्यानंतर बाविसाव्या दिवशी मी कामासाठी गावात आले. आषाढ होता, लावणी जोरात होती. बांधावरून जाताना बघते तर तुम्ही गुडघाभर चिखलात, कासोटा घालून, वाकून लावणी लावताय. आणि तेही दुसऱ्याच्या शेतात.

‘‘मावशी, वर या! टाके तुटतील!’’

‘‘काय नाय तुटत.’’

‘‘डॉक्टरांनी तीन महिने वाकू नका सांगितलंय.’’

तुम्ही कमरेवर हात ठेवून सरळ झालात. ‘‘हे नववं शेत. आजून लय घरं हायेत. सगल्यांनी माज्यासाटी वर्गनी भरली ना? मंग त्यांची लावनी कोन लावनार, तू?’’

‘‘विम्यात परतफेड नसते, मावशी!’’

‘‘मंग सावड कशाला म्हनालीस?’’

शेतातल्या बाया पोट धरून हसल्या. मी तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं आणि घरापर्यंत पोचवलं. मी गाव सोडल्यावर तुम्ही दुसऱ्या बांधानं परत उतरलात, हे मला चार महिन्यांनी कळलं. टाके तुटले नाहीत. ते तुमचं नशीब होतं, शहाणपण नव्हतं. माझं मत अजून बदललेलं नाही.

तुमचं बघून बाकीचेही तसंच करू लागले. एका आजोबांनी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याला हिरवी पट्टी असताना दुसऱ्याच्या वालाची राखण केली. एका डोळ्यानं. मी कपाळाला हात लावला. पण हेही कबूल करते, की आजूबाजूच्या गावांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माणसं गळायला लागली, ‘आम्ही आजारी पडलो नाही, मग भरायचं कशाला’ म्हणून. तुमच्या गावातलं एक घर गळलं नाही. आजारी न पडलेल्याला कुणीतरी येऊन लावणी लावून देत होतं, राखण करत होतं. त्याचं पाण्यात गेलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. सोसायटीच्या नोकरांनाही कार्ड असतं, तेच वापरलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डात हजर. मला पातळ पेजेशिवाय काही चालत नव्हतं, आणि तुमच्या फडक्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. वासानं नर्स धावत आली. ती तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या बाईला खायला घातलीत आणि माझ्या उशाशी बसून हळूच म्हणालात, ‘‘आता तुजीपन सावड चडली गो. किती घरं फेडतेस?’’

‘‘मी फॉर्म तपासते ना. तीच माझी सावड.’’

‘‘खुर्चीत बसून लावनी होत नाय.’’

टाके दुखतील म्हणून मी हसू दाबलं. विषय तिथंच राहिला.

आता दुसरं वाक्य.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेली होती. तुम्ही ऑफिसला येत होतात आणि आमच्या लाकडी जिन्याच्या दहाव्या पायरीवर बसलात. मी वरून पाहिलं. छातीवर हात, कपाळाला घाम, तोंड पांढरं. मी पाणी घेऊन खाली आले.

‘‘ग्यास हाय,’’ तुम्ही म्हणालात.

माझ्या सासूबाईंनाही सहा महिने गॅसच होता. मी म्हटलं, ‘‘पिशवीत कार्ड आहे ना? उठा, रिक्षा बोलावते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.’’

‘‘नाय गो. माजी पयल्या आपरेशनची सावड आजून फिटली नाय. चार घरं राह्यलीत. ती फिटल्याबिगर दुसरी घेत नाय मी.’’

‘‘इतक्या वर्षांत चार घरं का राहिली?’’

‘‘त्यांनी जमिनी इकल्या. आता लावनी कुटं लावू त्यांची? बंगल्याच्या लादीवर?’’

तुम्ही चेष्टा करत नव्हतात. खरोखरच अडला होतात. मी अर्धा तास त्या पायरीवर उकिडवी बसून समजावलं. नियमावली सांगितली. शहराच्या बाजूनं तुमच्या गावाकडे इमारती सरकत चालल्यात, पुढच्या दहा वर्षांत कुणाचंच शेत उरणार नाही, मग तुम्ही काय करणार, असंही विचारलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘‘नाय.’’

मला काम होतं. वार्षिक सभेच्या नोटिसा त्याच दिवशी टपालात पडायला हव्या होत्या. मी उठले आणि म्हणाले, ‘‘मग मेल्यावर फेडा.’’

आणि वर जाऊन खुर्चीत बसले. तुम्ही पाणी प्यालात, भांडं पायरीवर उपडं ठेवलंत आणि उतरून गेलात. नोटिसा वेळेत गेल्या.

पाचेक आठवडे तुम्ही आला नाहीत. गावातल्या कुणाला विचारलं तर म्हणाले, कामोठ्याला लेकीकडे गेल्यात. मी समजले, रुसल्यात. मग एके दिवशी जिन्यावर पावलं वाजली. पाच पायऱ्या, थांबा. पाच पायऱ्या, थांबा. मला ते ऐकू आलं होतं, मी डोकं वर केलं नाही. तुम्ही टेबलावर अकरा फॉर्म टाकलेत. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरचे. तिथल्या लोकांना स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतावर आणि वीटभट्टीवर मजुरीला जातात. जमीन नसलेल्या शेतमजुराला नाममात्र सभासद म्हणून योजनेत घेता येतं, हा नियम मीच तुम्हाला कधीतरी सांगितला होता आणि विसरून गेले होते. दहा वर्षांत मी त्या वाडीवर एकदाही चढले नव्हते.

मी तुम्हाला काय म्हणाले असेन? शाबास? नाही. फॉर्म चाळले आणि ओरडले. अकरांपैकी सातांवर जन्मतारखेच्या रकान्यात ‘पावसाळा’ लिहिलं होतं.

‘‘मावशी, पावसाळा ही तारीख नाही.’’

‘‘त्यांना तवडंच ठावं हाय.’’

‘‘मग मी कॉम्प्युटरला काय सांगू?’’

‘‘सांग, मानूस हाय. समोर हुबा हाय. जन्मल्याबिगर कसा हुबा राह्यला?’’

पुढच्या वर्षी तुम्ही भट्टीवरची घरं आणलीत. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. दर वेळी मी खाडाखोडीवरून बोलले, दर वेळी तुम्ही उलट बोललात. छातीचं मात्र मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जिन्यावरचं वाक्य निघालं असतं, आणि ते निघालं असतं तर माफी मागावी लागली असती. मला माफी मागायची सवय नाही. तुम्हीही काढलं नाहीत. मी मनाशी धरून चालले, की तुम्ही दवाखान्यात गेलाच नाहीत. सावडीवर अडून बसलात.

आणि मग एप्रिलच्या शेवटी, दुपारी जेवून तुम्ही पडवीत आडव्या झालात आणि चहाच्या वेळी उठला नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. गाव म्हणालं, सोन्यासारखं मरण आलं. मी ऐकलं आणि हिशेब सरळ होता. दुखणं मला दिसलं होतं. सावड हा शब्द मी दिला होता, त्यानं तुम्हाला अडवलं होतं. आणि शेवटी ‘मेल्यावर फेडा’ हेही मीच म्हणाले होते. गेले पंचवीस दिवस मी वेळेवर ऑफिसला आले, घरचं केलं, कुठं चुकले नाही. फक्त रोज जिना चढताना दहावी पायरी ओलांडून पाय टाकला.

आज अकरा वाजता तुमची ओळ आली. पट्टी लावली. रेघ मारायला पेन टेकवलं आणि समोरचा रकाना दिसला. तुमच्या नावापुढे कार्ड तीनदा वापरल्याची नोंद होती.

पहिली गर्भाशयाची. शेवटची, गेल्या वर्षीची, मोतीबिंदूची; तो डोळा फुकटच्या शिबिरात करून घेतला म्हणून तुम्ही मला धडधडीत सांगितलं होतंत. आणि मधली नोंद अशी: हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, चार दिवस दाखल.

मी उठून जावक रजिस्टर काढलं. वार्षिक सभेच्या नोटिसा कुठल्या तारखेला गेल्या ते पाहिलं. तीच तुमची जिन्याची तारीख. याद्यांतली दाखल झाल्याची तारीख त्याच्या तेराव्या दिवसाची.

हल्ली सोसायटीचं पत्र लागत नाही, नुसतं कार्ड दाखवलं की घेतात. म्हणून मला पत्ता लागला नाही. मी लगेच संगीताला फोन लावला.

‘‘संगीता, आईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं?’’

‘‘झालेलं मॅडम. तुमाला बोलाचं नाय म्हनून शपथ घातलेली तिनं. कामोट्याला गेली सांगा म्हनाली.’’

‘‘पण का?’’

‘‘म्हनाली, मॅडमला कललं तर जलमभर ऐकवील.’’

ऐकवलं असतं. यात शंका नाही.

‘‘पण त्या तर जायला तयार नव्हत्या. सावड फिटली नाही म्हणत होत्या.’’

‘‘तुमी तिला बोललाव ना, मेल्यावर फेडा म्हनून? घरी येऊन चार दिस तवडंच घोकत बसली. चुलीपुडं बसून म्हनाची, मेल्यावर फेडा, मेल्यावर फेडा. मंग पाचव्या दिशी मना म्हनते, संगीता, मॅडम बराबर बोलली गो. मेल्यावर लावनीला कोन जातंय? मी मेली तर सगल्यांचीच बुडली. आदी मना जिती राह्यला पायजे. चल, काड त्या खिल्यावरचं कार्ड.’’

मी यादीतली ती तारीख पुन्हा वाचत राहिले. संगीताला वाटलं फोन कटला. ‘‘हॅलो, मॅडम?’’

‘‘आहे. बोल.’’

‘‘आपरेशननंतर डॉक्टरनं वाकाची बंदी केली. लावनी बंद झाली. तशी पन शेतं राह्यलीत किती? मंग फारम घेऊन वाडीवर जायाला लागली. मी बोलली, आई, कशाला दमतेस? तर म्हनाली, शेतं सरली, आता घरं लावतंय. एक घर जोडलं म्हंजे एक मूठ लावली.’’

फोन ठेवला आणि मी मोठ्यानं हसले. पलीकडच्या टेबलावरून सेक्रेटरींनी चष्मा वर करून पाहिलं. खाली जाऊन चहा प्याले. येताना दहाव्या पायरीवर पाय दिला.

मावशी, स्पष्ट सांगते. मी ते वाक्य बोलले ते वाईटच होतं. तुम्हाला ते लागू पडलं म्हणून चांगलं ठरत नाही, आणि पुन्हा कुणाला मी ते म्हणणार नाही. पण आता ते मला डाचणार नाही. तुम्ही अडीच वर्षं जगलात, गोळ्या घेऊन, गुपचूप, माझ्या नाकावर टिच्चून. दोन लावण्या बांधावर बसून बघितल्यात, नातवाचं बारसं केलंत. ते आयुष्य तुम्हाला मिळालं आणि ते कार्डानं मिळालं, याच्याइतकं मला दुसरं काही नको होतं. थोडा रागही आला आहे. चार दिवस दवाखान्यात होतात. मी पेज घेऊन आले असते. भाकरी-जवळा आणला नसता.

आपलं भांडण मिटलेलं नाही. विम्यात परतफेड नसते, हे मी आजही नियमावलीचं पान उघडून दाखवीन. तुम्ही म्हणाल, मंग सावड कशाला म्हनालीस? दहा वर्षं मला याचं उत्तर सुचलं नाही. आज वाटतं, बरं झालं म्हणाले.

तुमच्या नावावर रेघ मारली. सरळ आली, पट्टी होती. शेरा लिहिला: मयत. मुलाच्या आणि संगीताच्या नावांना बरोबरची खूण केली. मग पिशवी उघडली.

चार फॉर्म. प्रत्येकाला टाचणीनं कुटुंबाचा फोटो लावलेला, नावं संगीताच्या अक्षरात. चारही वाडीवरचे. जन्मतारखेचा रकाना या वेळी कोरा होता, मला बोलायला जागा नको म्हणून माझ्यासाठी सोडलेला. वर्तमानपत्राच्या पुडीत मोजून पाच खिळे. घरं चार, एक वाकला तर जास्तीचा. नवी घरं योजनेत घालायची मुदत संपायला दहा दिवस होते, आणि मुदत चुकली तर या चार घरांना पुढचं आख्खं वर्ष कार्डाशिवाय काढावं लागलं असतं. तेराव्यापासून पिशवी मी पायानं सरकवत होते.

किती घरं फेडतेस, तुम्ही विचारलं होतंत. माझ्या पित्ताशयाला चार वर्षं झाली. आजपर्यंत शून्य.

२२ मे, गुरुवार. सकाळी साडेपाचला डबा करून ठेवला. विचुंब्याच्या बाजूनं जाणारी पहिली रिक्षा पकडली, गावाच्या तोंडाशी उतरले आणि वाडीचा चढ चढले. तो चांगलाच चढ आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं तो कितीदा चढला असेल ते मनात आलं आणि मी दम खायला थांबले.

भट्टीवर जायच्या आत लोक भेटायला हवे होते. पहिल्याच घरातली म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. फॉर्मवरचा फोटो तिला दाखवला. ती म्हणाली, ‘‘मंजुळा नाय आली?’’ तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि सांडलेले दाणे एकेक करून वेचले. मी घाई केली नाही. मग तिनंच विचारलं, ‘‘तू कोन तिची?’’

‘‘तिच्या सावडीतली,’’ मी म्हणाले.

जन्मतारीख विचारली. ‘‘पावसाला,’’ म्हातारी म्हणाली.

‘‘कुठला पावसाळा?’’

‘‘लय पान्याचा.’’

तिच्या मोठ्या मुलाच्या वयावरून अंदाज काढून मी एक तारीख घातली. जुलैमधली. खाडाखोड झाली, तशीच ठेवली. अंगठा घेतला. मग खिळा काढला, आत शिरून उजव्या हाताची भिंत बघितली आणि अंगणातला दगड उचलून ठोकला. तो पहिल्याच घावाला वाकला.

‘‘मंजुळाचा वाकत नव्हता,’’ म्हातारी मागून म्हणाली.

‘‘तिनं गावभर ठोकलेत. माझा पहिला आहे.’’

दुसरा सरळ बसला. कार्ड यायला अजून महिना आहे. तोवर खिळा रिकामा कशाला, म्हणून म्हातारीनं त्याला विळा अडकवला. मी फॉर्म पिशवीत घातला, पदर खोचला आणि बाहेर पडले. साडेदहाला ऑफिस होतं, आणि तीन घरं राहिली होती.